पुठ्ठ्यावरची गावे

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या वर्षी दाखल नोंदवहीप्रमाणे अकरा हजार चारशे बारा पुस्तके होती. मोजणीत अकरा हजार तीनशे एकोणचाळीस भरली. फरक त्र्याहत्तर. हा आकडा मी काढला, मीच लिहिला आणि त्याखाली पहिली सही माझी आहे. आकडा बरोबर होता. आजही कोणी मोजणीचे कागद काढून तपासले तरी तो बरोबरच निघेल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चूक कुठे झाली हे शोधताना माणूस पहिल्यांदा बेरीज तपासतो. मीही तेच केले होते.

मोताळा तालुक्यातल्या एका लहान महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. पन्नाशी ओलांडली आहे. मूल्यांकनाचे काम माझ्याकडे आले ते काही हुशारीमुळे नाही. सभेत प्राचार्यांनी विचारले, "हे कोण करील?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हजेरीपटाची बेरीज पडताळत बसलो होतो, त्यामुळे माझी मान आधीच खाली होती. प्रश्न ऐकून मी ती वर केली. एवढेच झाले.

दर काही वर्षांनी महाविद्यालयाचे मूल्यांकन होते आणि त्यावरून श्रेणी ठरते. बाहेरच्या माणसाला वाटते, तीन मोठी माणसे गाडीतून येतात, दोन दिवस हिंडतात, जेवतात आणि श्रेणी देऊन जातात. माणसे येतात ती अगदी शेवटी. त्याआधी वर्षभर नुसते कागद जातात. महाविद्यालयाने स्वतःच स्वतःचा अहवाल लिहायचा असतो. सात निकष, प्रत्येकाखाली उपप्रश्न. किती विद्यार्थी आले, किती उत्तीर्ण झाले, पुढे कुठे लागले, ग्रंथालयात रोज किती जण येतात, पावसाचे पाणी जिरवता का, तक्रारपेटी आहे का, ती उघडता का. प्रत्येक उत्तराला पुरावा जोडायचा. पुरावा म्हणजे सही-शिक्क्याचा कागद, नाहीतर कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापलेला फोटो. दूरच्या कार्यालयात बसलेले लोक हे सगळे पडताळतात आणि शंका आली की खुलासा मागतात. विद्यार्थ्यांना थेट ईमेल पाठवून समाधानी आहात का, असेही विचारतात. आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांचे ईमेल प्रवेशअर्ज भरून देणाऱ्या एका दुकानदाराचे निघाले. तो मला बाजाराच्या दिवशी भाजीच्या पालापाशी भेटला आणि हात जोडून म्हणाला, "सर, हाव, मी समाधानी हाओ. लय समाधानी हाओ. आता बंद करा."

असे हसण्याचे प्रसंगही त्या वर्षात होते. त्यातले बरेचसे ग्रंथपालांमुळे.

त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणत होतो. नोकरीला एकतीस वर्षे होत आली होती, मेअखेरीस निवृत्त व्हायचे होते. अंगाने किडकिडीत, आवाज हळू. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून सकाळी विहारात जात आणि तसेच कॉलेजात येत. एरवी बाह्यांवर शाईचे डाग. मी फाइल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो की ते डबा उघडून म्हणत, "या सर. जेवून राह्यलो. फोटो काढून घ्या, नाहीतर वरचे म्हणतील ग्रंथपाल जेवलाच नाही."

"भाऊ, वाचनकक्षात रोज येणाऱ्यांची नोंद पाहिजे. पाच वर्षांची."

"पाच वर्सं कोण आलं अन् कोण गेलं, हे मले तोंडपाठ हाय."

"तोंडपाठ चालत नाही."

"मंग काय चालते बाप्पा? तोंडाचा फोटो?"

पण मागितलेला प्रत्येक कागद ते देत. त्यांच्या वह्या नीट होत्या. अक्षर लहान आणि सरळ. म्हणूनच पुढे जे निघाले त्याने मी चक्रावलो.

त्यांच्या मांडण्यांमध्ये जागोजागी पुठ्ठे उभे असत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या, रजिस्टरांच्या पुठ्ठ्याचे कापलेले, पुस्तकाच्या उंचीचे तुकडे. त्यांवर निळ्या शाईने काहीतरी लिहिलेले असे. मी ते वर्षानुवर्षे पाहिले होते. मला वाटे, पुस्तके आडवी पडू नयेत म्हणून दिलेले टेकण असावे. कधी वाचून पाहावे असे वाटले नाही.

दिवाळीनंतर मी स्वच्छतेची मोहीम ठेवली. तोही एक उपप्रश्न होता, परिसर स्वच्छता आणि विद्यार्थ्यांचा सहभाग. ग्रंथालयाचा दिवस ठरला त्या दिवशी भाऊंना मीच विद्यापीठात पाठवले होते, संलग्नतेचा एक कागद आणायला. इकडे वीस-बावीस विद्यार्थ्यांनी मांडण्या पुसल्या, जाळी काढली, पुस्तके क्रमाने उभी केली. एका मुलीने पुठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून विचारले, "सर, याचं काय करू?" मी म्हणालो, "कचरा आहे तो. काढा." सगळे पुठ्ठे खोलीच्या मधोमध पसरले, बाजूला झाडू घेऊन विद्यार्थी उभे राहिले, मी फोटो घेतला. कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश नीट आले आहेत ना, हे दोनदा पाहिले. मग कचऱ्याच्या गाडीत सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. मांडण्यांच्या मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले. एक चक्कर टाकली, परत आले.

"सर, पुठ्ठे कुठं गेले?"

"गाडीत. काल दुपारीच."

 ते म्हणाले, "बरं." विद्यापीठाचा कागद पिशवीतून काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, हे मला नंतर आठवले.

डिसेंबरात पुस्तकांची मोजणी केली. समिती आली की मोजणीचा अहवाल मागते. नऊ दिवस लागले. मी, एक सहकारी आणि भाऊ. मी दाखल क्रमांक वाचायचा, सहकाऱ्याने मांडणीत पाहायचे, भाऊंनी "हाय" किंवा "नाही" म्हणायचे. गंमत अशी की कितीतरी वेळा सहकाऱ्याने शोधण्याआधीच भाऊ "नाही" म्हणत, आणि ते खरेच नसे. त्र्याहत्तर झाली. बहुतेक पदवीच्या अभ्यासाची, अर्थशास्त्र, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. दुर्मीळ किंवा महाग असे एकही नाही.

सहकारी गेल्यावर मी दार ओढून घेतले आणि विचारले, "भाऊ, ही गेली कुठं?"

ते काही वेळ टेबलाच्या कडेवरचा शाईचा डाग नखाने खरवडत बसले. मग सांगितले.

आमच्या कॉलेजात मुली येतात, एक-दोन वर्षे शिकतात आणि लग्न ठरले की जातात. नाव काढताना ग्रंथालयाचे नो-ड्यूज लागते, म्हणजे एकही पुस्तक बाकी नाही अशी सही. मुलगी सहीला येई, तेव्हा भाऊ तिला विचारत, "बाहेरून परीक्षा देशील काय?" ती हो म्हणाली, की ते सही करत आणि पुस्तक तिच्याच पिशवीत ठेवत. तिच्या नावावर पुस्तक दाखवले तर नो-ड्यूज खोटे. स्वतःच्या नावावर घ्यावे, तर कर्मचाऱ्याला पाचच पुस्तके. म्हणून वहीत काहीच लिहीत नसत. पुस्तकाच्या जागी एक पुठ्ठा उभा करत आणि त्यावर तिच्या सासरच्या गावाचे नाव लिहीत. नुसते गावाचे. गाव पाहिले की त्यांना मुलगी आठवे. परीक्षा झाली की मुलगी, नाहीतर तिचा भाऊ, एसटीच्या फेरीत पुस्तक आणून देई, दुसरे घेऊन जाई. कधी दोन वर्षे लागत, कधी चार. पुस्तक आले की पुठ्ठा उलटा करून मागच्या बाजूला दुसरे गाव.

"किती वर्षं चाललंय हे?"

"पह्यल्यापासून."

"आणि न परतलेली?"

"येतात सर. उशिरा येतात. पण त्या पुठ्ठ्यावरून मले समजे कोणतं कुठं हाय. आता सगळी मांडणी सारखीच दिसून राह्यली."

मी म्हणालो, "नावं सांगा. आपण यादी करू, पत्रं पाठवू."

"नाही सर. सासरी कॉलेजचं पत्र गेलं तं त्या पोरीचं काय होईन?"

मला तेव्हा तो हट्ट वाटला.

प्राचार्य आमच्याकडचे नव्हते, पण माणूस सरळ होता. त्यांनी अहवालाचा मसुदा वाचून म्हटले, "अहो, शेकडा एकसुद्धा होत नाही हे. 'मोजणी चालू आहे' असं लिहा आणि सोडा." मी त्यांना सांगितले की मोजणी चालू नाही, संपली आहे. आकडा एकदा सहीने पक्का झाला की अहवालातला आणि कागदावरचा आकडा जुळला पाहिजे. भाऊ तिथेच बसले होते. म्हणाले, "सरांनी मोजलं तेच लिहा." मी त्र्याहत्तर लिहिले. कारणाच्या रकान्यात 'गहाळ'. त्या रकान्यात जागा एका शब्दापुरतीच होती, हे खरे आहे. पण मी दुसरा कागद जोडू शकलो असतो, हेही खरे आहे.

फेब्रुवारीत तिघे आले. मुलींनी औक्षण केले, लेझीम झाले, सातही निकषांची सादरीकरणे झाली. विशेष उपक्रम म्हणून आम्ही 'एक विद्यार्थी, एक झाड' दाखवले. झाडांना पाट्या होत्या आणि पाट्यांचे फोटो होते. दुपारी समिती ग्रंथालयात गेली. अध्यक्षांनी मांडण्यांवरून बोट फिरवून पाहिले आणि मान डोलावली. मग भाऊंना विचारले, "तुमच्या ग्रंथालयाचा काही वेगळा उपक्रम?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी फाइलकडे पाहिले.

"नाही सर," भाऊ म्हणाले. "पुस्तकं देतो, घेतो."

अहवालात ग्रंथालयाविषयी दोन ओळी आल्या. एका ओळीत स्वच्छतेची प्रशंसा, दुसरीत त्र्याहत्तर पुस्तकांची जबाबदारी निश्चित करावी अशी सूचना. श्रेणी मागच्याच वेळची आली. त्या आकड्याने ती चढली नाही आणि उतरलीही नाही. मी गुण मांडून पाहिले होते. तो आकडा शून्य लिहिला असता तरी श्रेणी तीच राहिली असती.

पण सूचना कागदावर आली होती. संस्थेच्या कार्यकारिणीने मार्चमध्ये ठराव केला की, पुस्तकांचा हिशेब लागेपर्यंत ग्रंथपालांना नो-ड्यूज देऊ नये. नो-ड्यूज नाही तर निवृत्तीचे कागद पुढे सरकत नाहीत. ज्या माणसाने एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या नो-ड्यूजवर सह्या केल्या, त्याचेच अडले. स्टाफरूममध्ये एकजण हसून म्हणाला, "भाऊ, स्वतःच्याच कागदावर सही मारून टाका ना बे." भाऊही हसले. मला हसू आले नाही. घरी जेवतानाही तेच डोक्यात.

तेव्हा मला तो फोटो आठवला. स्वच्छता मोहिमेचा, झाडूवाल्या विद्यार्थ्यांचा. अहवालाला जोडलेला. संगणकावर तो मोठा करत गेलो. जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यांपैकी बरेच पालथे होते, पण अकरांवरचे अक्षर वाचता आले. पिंपळगाव राजा. सोनाळा. इतर नऊ. वहीत उतरवून घेतले. मग नाव काढून गेलेल्या मुलींची नोंद काढली, त्यांच्या वर्गमैत्रिणींना विचारून कोण कुठे दिली ते जुळवले. हे काम मला जमते. दोन आठवड्यांत दोन नावे पक्की झाली. पिंपळगाव राजाची मुलगी नवऱ्याबरोबर कामासाठी परराज्यात गेली होती, पत्ता लागला नाही. राहिली सोनाळ्याची. पहिल्या वर्षानंतर लग्न होऊन गेलेली. तिच्याकडे तिसऱ्या वर्षाचे अर्थशास्त्र असावे असा माझा अंदाज होता.

भाऊंना न सांगता एका रविवारी मोटरसायकलने निघालो. नांदुरा, मग जळगाव जामोद, पुढे सातपुडा डावीकडे ठेवून सोनाळा. पोचायला दोन तासांवर लागले. घर विचारत गेलो. सून शेतात गेलेली. सासू ओट्यावर लसूण निवडत होती.

"कोन पायजे?"

"कॉलेजातून आलो. तुमच्या सूनबाईंकडे आमच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक आहे."

"आमच्या सुनेकडं? थे कायले पुस्तक ठेवते? तिचं कॉलेज तं लग्नातच सुटलं."

मी खिशातून कागद काढून दाखल क्रमांक दाखवला. तिला त्यातले काय समजणार होते, पण मला सवय. ती आत गेली. पेटी उघडल्याचा, कपडे उपसल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने पिवळ्या ओढणीत गुंडाळलेले पुस्तक घेऊन ती बाहेर आली.

"हेच काय?"

क्रमांक जुळवला. "हेच."

"मंग घेऊन जा बाप्पा. दुसऱ्याची वस्तू घरात कायले." ओढणी तिने हातातच ठेवली, तिची घडी घालत राहिली. मला चहा पाजला. शेजारच्या दोन बाया ओट्याशी येऊन उभ्या होत्या. मी आनंदात होतो. त्र्याहत्तरचे बहात्तर झाले होते.

रात्री जेवताना बायकोला सांगितले. तिने पोळी ताटात टाकायची थांबवली.

"एकटे गेलते? ते पोरगी घरी नसताना?"

"मग? पुस्तकच तर आणायचं होतं."

"एकटा मास्तर भरदुपारी कोणाच्या सुनेचं नाव घेऊन दारात जाते काय? अन् सासूनं तिची पेटी उघडली? व माय!"

"अवं, पुस्तक भेटलं ना."

"तुमाले भेटलं," ती म्हणाली आणि पोळी ताटात टाकली.

सोमवारी पुस्तक भाऊंच्या टेबलावर ठेवले. मला वाटले होते त्यांचा चेहरा खुलेल. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला आणि पुस्तक उघडले. मधल्या पानात एक घडी केलेला कागद होता. तिचे हॉल तिकीट. पहिला पेपर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. केंद्र आमचेच.

"हे थिनं दिलं का?"

"सासूनं दिलं."

भाऊंनी कागदाची घडी पुन्हा घातली. "थे माहेरी जातो म्हणून घरून निघते सर. आपल्या केंद्रावर पेपर देते अन् मंग माहेरी जाते. नवऱ्याले म्हाइत हाय, सासूले नाही. मागच्या वर्षी सगळे पेपर निघाले तिचे. हे शेवटचं वर्ष."

"भाऊ, मला सांगायचं ना."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिहिलं असतं."

ते रागाने बोलले नाहीत. 

त्याच दुपारी रजा टाकून बायकोला घेऊन पुन्हा सोनाळ्याला गेलो. पुस्तक आणि हॉल तिकीट बायकोच्या पिशवीत. या वेळी सून घरी होती. दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिचा चेहरा मला वर्गातला म्हणून आठवला नाही. माझ्या विषयाची नव्हती. सासूने आम्हांला बसा म्हटले नाही.

बायको म्हणाली, "ताई, चार दिवसांचा सवाल हाय. पोरगी हुशार हाय, देऊ द्या परीक्षा."

"मी वैरीण हावो का तिची?" सासूचा आवाज चढला, मग फुटला. "इचारलं असतं तं नाही म्हटलं असतं काय मी? दोन वर्सं माहेरी जातो, माहेरी जातो. मी डब्बा बांधून देत होतो माहेरच्या वाटेसाठी. अन् आता सारं गाव इचारून राह्यलं, मास्तर काऊन आलता म्हणून. आज दुसऱ्यांदा आला."

बायकोने पिशवीतून पुस्तक काढून मुलीपुढे धरले. मुलीने त्याला हात लावला नाही. सासूकडे एकदा पाहिले.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सर, भाऊले सांगजा, पुस्तक जमा झालं म्हणून."

हॉल तिकीट तेवढे बायकोने तिच्या मुठीत कोंबले. परतताना नांदुऱ्याला चहासाठी थांबलो. बायकोने चहा घेतला नाही.

त्या गुरुवारी मी केंद्रावर वरिष्ठ पर्यवेक्षक होतो. तिचा बैठक क्रमांक तिसऱ्या खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर खडूने लिहिलेला होता. मी तीनदा त्या खोलीत गेलो. अर्धा तास झाल्यावर पर्यवेक्षकाने गैरहजर लिहिले. गैरहजरांच्या तक्त्याखाली सही माझी.

भाऊंनी मला आणखी एकही गाव सांगितले नाही, मीही विचारले नाही. मे महिन्यात त्यांनी संस्थेला लिहून दिले: 'बहात्तर पुस्तके माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाली आहेत.' मसुदा टाइप करायला माझ्याकडेच आला. मी 'निष्काळजीपणा' या शब्दापाशी थांबलो, तर ते म्हणाले, "टाका सर. त्याबिगर सुटत नाही." संस्थेने ती पुस्तके नोंदवहीतून कमी केली, सेवापुस्तकात शेरा मारला आणि नो-ड्यूज दिले. निरोप-समारंभ झाला नाही. स्टाफरूममध्ये चहा झाला. मी दोन शब्द बोलावेत असे सगळ्यांनी सुचवले. मी उभा राहिलो आणि एकतीस वर्षे, एवढेच म्हणून बसलो.

दोन वर्षांनी ते गेले. हृदयविकाराचा झटका. मी गेलो होतो. अंगणात बरीच माणसे होती, आणि मला न ओळखता येणाऱ्या, लेकरं कडेवर घेतलेल्या काही बायाही होत्या. कोणत्या गावच्या, हे विचारण्याचे धाडस झाले नाही.

पुस्तके येतात. भाऊ म्हणाले होते तशी, उशिरा येतात. कधी कोणाचा भाऊ काउंटरवर ठेवून जातो, कधी एसटीचा कंडक्टर पिशवी देतो. आतापर्यंत एकोणीस आली. पण ती नोंदवहीतून कमी झालेली असल्याने पुन्हा दाखल करता येत नाहीत. मी ती वेगळ्या कपाटात ठेवली आहेत. मोजणीत ती धरत नाहीत.

आता पुढचे मूल्यांकन आले आहे आणि काम पुन्हा माझ्याकडेच आहे. विशेष उपक्रमाच्या रकान्यात मी या वेळी भाऊंची पद्धत लिहिली. दीड पान झाले. प्राचार्य आता नवे आहेत. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे हो. पण पुरावा?" पुरावा म्हणून माझ्याजवळ एकच फोटो आहे, आणि तो मागच्या वेळी स्वच्छतेखाली लागून गेला. ते दीड पान मी काढून घेतले. फाडले नाही.

गेल्या आठवड्यात मोजणी केली. सोनाळ्याचे ते पुस्तक त्याच्या जागेवर आहे. बहात्तरांत ते नव्हते, त्यामुळे नोंदवहीत कायम आहे. क्रमांक वाचला गेला, मी स्वतःच 'आहे' म्हणालो आणि बरोबरची खूण केली. मग ते काढून उघडले. मागच्या चिठ्ठीवर देवाणघेवाणीचा नवा शिक्का एकही नाही. आत पेन्सिलीच्या खुणा आहेत, बारीक, सरळ, महत्त्वाच्या ओळींखाली. कुठे कुठे समासात परीक्षेत आलेल्या प्रश्नाचे वर्ष लिहिले आहे. खुणा पान एकशे बेचाळीसपर्यंत आहेत. पुस्तकाची पाने दोनशे शहाण्णव.